रमाबाईंची अमेरिका

वक्तृत्व स्पर्धांसाठी थोरामोठ्यांची वाक्ये उतरवून ठेवायची माझी एक वही आहे. प्रथम वर्षाला असताना विषय अमेरिकेचा निघाला. आपल्या शहरात अमेरिका म्हटली की मिलिंद महाविद्यालयाचे संस्थापक बाबासाहेब आणि त्यांचे कोलंबिया विद्यापीठच आधी आठवते. मला मात्र ग्रंथालयात त्याही पूर्वीचे पुस्तक मिळाले: पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’, मूळ प्रकाशन १८८९. मी त्यातली स्तुतीची चार वाक्ये घेतली, ठासून म्हटली आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी आले.

सुट्टीत तेच पुस्तक मी आईला वाचून दाखवू लागले. तिला वाचता येत नाही. रमाबाई कोण, हे आधी सांगणे आलेच.

त्यांचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवला. त्याच आईने पुढे रमाबाईंना शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता ठरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर लग्न केले. १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा. आई येथे बराच वेळ गप्प बसली.

पुढे पुणे, आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंड आणि तेथेच ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात राहिल्या. बालविधवांच्या शाळेसाठी त्या गावोगाव व्याख्याने देत होत्या. बोस्टनमध्ये १८८७ च्या अखेरीस रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने पत्करले.

राजावाचून चालणारे राज्य, मुलींची महाविद्यालये, संघटित होऊन कामे करणाऱ्या स्त्रिया यांचे रमाबाईंना मोठे कौतुक. माझी चार वाक्ये त्यातलीच! पण मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा बळकावल्या गेल्या, गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या माणसाचा तिटकारा कसा उरला, हेही त्यांनी लिहिले आहे. कंबर आवळून घेणाऱ्या आणि टोपीवर मेलेले पक्षी मिरविणाऱ्या बायकांनाही त्यांनी सोडलेले नाही. हे मी व्यासपीठावर गाळले होते. नुसती निंदा उचलली असती तरी खोटेपणा तेवढाच झाला असता.

आईने विचारले, ज्यांचे पैसे घेतले त्यांनाच बाईंनी असे कसे सुनावले? माझ्यापाशी एकच उत्तर होते. पुस्तक मराठीत आहे. ते देणगीदारांसाठी नव्हते, आपल्यासाठी होते. भाटगिरी वाचून आपल्या बायकांचा काय फायदा? तिला हे पटले की नाही, ठाऊक नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास गेले. मुलींना ख्रिस्ती करतात असा गहजब १८९३ मध्ये झाला आणि अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणून त्यांनी केडगावला मुक्ती सदन वाढविले. मनोरमा १९२१ मध्ये वारली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी.

आईला मात्र सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याविषयीच ऐकायचे होते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, हे सांगितल्यावर तिने मला गोदूबाईचे पुस्तक आहे का म्हणून विचारले. मी ग्रंथालयात नाव नोंदवून ठेवले आहे.