कोरडवाहू वावराचं पाणी आणि वसंतराव नाईक

1 जुलैला आपण कृषिदिन पाळतो. पंचायत समितीत फोटोला हार घातला जातो, दोन-चार भाषणं होतात आणि पेरणीची घाई म्हणून मंडळी लवकर उठतात. ज्या माणसाचा हा जन्मदिवस, त्यानं कोरडवाहू वावराला पाणी मिळावं म्हणून काय केलं आणि काय राहून गेलं, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म 1913 चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. बंजारा समाजातलं शेतकऱ्याचं घर. मुलूख चढउताराचा. पाऊस येतो, पण उतारावरून धावत नाल्याला लागतो आणि वावर कोरडंच राहतं. शिक्षणासाठी ते नागपूरला आले. मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली, 1940 मध्ये वकिलीची परीक्षा दिली. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काम केलं, मग पुसदला वकिली सुरू केली. 1946 मध्ये तिथले नगराध्यक्ष झाले.

1952 ला ते निवडून आले. तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी आपलं नागपूर. इथं ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. वर्षभरापूर्वीच, 1951 मध्ये, मालगुजारी संपली होती आणि भंडारा-चांद्याकडचे मामा तलाव सरकारजमा झाले होते. तलाव सरकारचा झाला, पण पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, हा घोळ तेव्हापासून मागं लागला. तो अजून पुरता मिटलेला नाही, हे तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना वेगळं सांगायला नको.

डिसेंबर 1963 मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. राज्यात धान्याची टंचाई होती. त्यांनी संकरित ज्वारी, विहिरी आणि विजेचे पंप यांवर जोर दिला. 1965 मध्ये जायकवाडीची पायाभरणी झाली. अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 चं, तेही त्यांच्याच काळातलं.

खरी परीक्षा 1972 च्या दुष्काळानं घेतली. विहिरी आटल्या, गुरं बाजारात कवडीमोलानं गेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना नाईकांच्या सरकारनं राज्यभर राबवली. लाखो माणसं कामावर आली. रस्ते आणि खडी फोडण्याची कामं बरीच झाली, पण त्यासोबत पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्तीही झाली. मजुरी तर मिळालीच, शिवाय शिवारात पाणी थांबायची सोय झाली. पुढं 1977 मध्ये या योजनेचा कायदा झाला आणि 2005 मध्ये असा कायदा साऱ्या देशासाठी आला.

आता दुसरी बाजूही पाहा. मुख्यमंत्री विदर्भाचे, अकरा वर्षांवर सत्ता, तरी सिंचनात विदर्भ मागंच राहिला. 1984 मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला तेव्हा ते कागदावर आलं. मोठ्या धरणाचं पाणी कालव्याच्या खालच्या वावराला मिळतं, चढावरच्याला नाही. चढावरच्या शेतकऱ्याला आधार एकच, पडलेला पाऊस तिथंच अडवणं.

म्हणून गावच्या कारभाऱ्यांनो, आपल्या शिवारातला पाझर तलाव एकदा पाहून या. त्याला कालवा नसतो. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. तळाशी गाळ बसला की मुरणं थांबतं. मग तलाव भरलेला दिसतो, पण विहीर कोरडी. उन्हाळ्यात गाळ काढून वावरात टाका. पाळीवरची झाडंझुडपं काढा, त्यांच्या मुळांनी पाळ फुटते. सांडवा मोकळा ठेवा. हे काम ग्रामसभेत पावसाळ्याआधी ठरलं पाहिजे, पाऊस लागल्यावर ते होत नाही.

वसंतराव 1977 मध्ये वाशीममधून लोकसभेवर गेले आणि 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूरला वारले. त्यांच्या काळात बांधलेले बांध आणि तलाव गावोगावी आहेत. मजुरांनी भर उन्हात उचललेली ती माती आहे. ती वाहून जाऊ द्यायची की राखायची, हे आता तुमच्या हातात आहे.