परक्या पंगतीतला पाहुणा

मत्तेओ रिची हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इतिहासाच्या तासाला नाहीतर चर्चमध्ये ऐकलं असेल. चीनमध्ये गेलेला इटालियन जेझुइट, नकाशे काढणारा, राजाला घड्याळं देणारा. मला मात्र तो जवळचा वाटू लागला तो त्याच्या जेवणांमुळे. हा माणूस अठ्ठावीस वर्षं चीनमध्ये राहिला, पुन्हा घरी गेला नाही, आणि त्याच्या कामाचा मोठा भाग लोकांच्या घरी, मेजवान्यांमध्ये बसून झाला. मिशनऱ्याचं चरित्र म्हटलं की आपल्याला प्रवचनं आणि बाप्तिस्मे आठवतात. रिचीचं चरित्र वाचताना आधी आमंत्रणपत्रिका दिसतात.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ चा, इटलीतल्या माचेराता गावचा. वडील औषधविक्रेते. मुलाने वकील व्हावं म्हणून त्यांनी त्याला रोमला पाठवलं, तर १५७१ मध्ये तो येशूसंघात दाखल झाला. तिथे क्लावियस या मोठ्या गणितज्ञाकडे शिकला. १५७८ च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघालेलं त्याचं जहाज सप्टेंबरात गोव्याला लागलं. इथल्या सेंट पॉल कॉलेजात त्याने शिकवलं आणि स्वतः ईशज्ञानाचा अभ्यासही केला. त्या कॉलेजची एक कमान तेवढी आज जुन्या गोव्यात उभी आहे. १५८० मध्ये कोचीनला तो पाद्री झाला.

गोव्यातली त्याची एक गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. इथल्या भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू द्यायचं नाही, नाहीतर ते डोईजड होतील, असं वरिष्ठांनी ठरवलं होतं. तिशीही न गाठलेल्या रिचीने रोमला पत्र लिहून त्याला विरोध केला. एवढ्याने धोरण काही बदललं नाही. पण पुढच्या रिचीचं बी मला त्या पत्रात दिसतं.

१५८२ च्या ऑगस्टमध्ये तो मकावला पोचला, आणि पुढच्या वर्षी रुज्जेरी या सहकाऱ्याबरोबर झाओचिंग शहरात राहू लागला. दोघांनी डोकं तासलं आणि बौद्ध भिक्षूंसारखे झगे घातले. परदेशात धर्माचा माणूस म्हणून ओळख पटायला हे सोपं वाटलं असणार. पण तिथल्या अधिकारी आणि पंडित वर्गात भिक्षूंना फारसा मान नव्हता. लोक येत, काचेचा लोलक आणि घड्याळ बघून जात. बरोबरीच्या नात्याने पंक्तीला बसवणारे थोडेच. १५८९ मध्ये त्यांना त्या शहरातून हुसकावण्यात आलं.

मग शाओचौला चू ताइसू भेटला. चांगल्या घरातला, पैसा उडवून बसलेला हा गृहस्थ रिचीकडे आला तो पाऱ्याची चांदी करायला शिकायच्या आशेने. चांदी मिळाली नाही. तो गणित शिकला, आणि मित्र झाला. भिक्षूचा वेश टाका, विद्वानांचा घाला, असं त्यानेच सुचवलं. १५९५ मध्ये दाढी वाढलेला, रेशमी झग्यातला रिची नानचांगला गेला, आणि मेजवान्यांची दारं उघडली.

त्या मेजवान्यांची पद्धत रिचीने बारकाईने लिहून ठेवली आहे. बोलावणं एकदा येऊन भागत नसे. आधी छोट्या पुस्तिकेसारखी पत्रिका, मग त्या दिवशी सकाळी आठवण, आणि वेळ झाली की तिसरं बोलावणं. पाहुण्याला त्याच्या जागी बसवायचे सोपस्कारच कितीतरी. काटे नाहीत, सुरी नाही, कारण सगळं आधीच लहान तुकडे करून येई आणि चॉपस्टिक्सने उचललं जाई. पेय उन्हाळ्यातसुद्धा गरम, तेही इवल्या पेल्यांतून घोट घोट. मध्ये नाटक चाले आणि जेवण तासन्‌तास लांबे. पुढे पेकिंगमध्ये तर कधी कधी एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी जावं लागे. नाही म्हटलं तर यजमान दुखावणार.

आपल्याला हे मजेचं वाटेल. पण चवथीला मैत्रिणीच्या घरी जेवायला बसले की पानावर कुठून सुरुवात करायची इथपासून मला आजूबाजूला बघावं लागतं, आणि नाताळला ती आमच्याकडे आली की हीच पाळी तिच्यावर येते. हे वर्षातून एक दिवस. रिचीने ते रोज केलं, तेही चाळिशी ओलांडल्यावर शिकून.

नानचांगच्या मेजवान्यांत तो स्मरणशक्तीचे खेळ करून दाखवी. कुणीही चिनी अक्षरं क्रमाशिवाय लिहून द्यावी, हा एकदा वाचून सुलट आणि उलट म्हणणार. तिथल्याच एका राजपुत्राने त्याला मेजवानी दिली, आणि रिचीने त्याच्यासाठी मैत्रीवर एक छोटं पुस्तक चिनीत लिहिलं. चीनमध्ये त्याचं नाव झालं ते मुख्यतः या पुस्तकाने. १५९९ मध्ये नानजिंगला अशाच एका जेवणात सानहुआइ या नामांकित बौद्ध भिक्षूशी त्याचा वाद रंगला. माणसाचा स्वभाव मुळात चांगला की वाईट, हा विषय. इतकी मोठी चर्चा आणि समोर जेवण, हे मला फारच आवडलं.

आता मला सतावणारा प्रश्न. रिची गोव्यात आला तेव्हा इथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतं, आणि नव्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या चालीरीती पाळल्या तर त्यांच्यावर नजर असे. त्याच काळात, त्याच संघाचा माणूस चीनमध्ये मात्र यजमानांच्या वेशात, त्यांच्या पद्धतीने जेवतो. का? माझ्या मते उत्तर साधं आहे. गोव्यात पोर्तुगीज मालक होते. चीनमध्ये रिचीच्या मागे सैन्य नव्हतं, अधिकाऱ्याची मर्जी गेली की गाशा गुंडाळायचा. मालक नियम करतो, पाहुणा नियम शिकतो. रिचीचा मोठेपणा एवढाच की पाहुणेपण त्याने निमूटपणे सोसलं नाही, त्याची विद्या केली.

ही मैत्री म्हणजे गळाला लावलेलं आमिष होती का? त्याला लोक ख्रिस्ती करायचे होते, हे त्याने लपवलं नाही. पण शू ग्वांगची याच्याबरोबर बसून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणायचे, ते १६०७ मध्ये छापायचे, हे काम नुसत्या आमिषाने होत नाही. १६०८ च्या त्याच्या संवादांच्या पुस्तकात एक प्रकरण उपासावर आहे. प्राण्याची हत्या नको म्हणून आम्ही मांस सोडत नाही, आमचं कारण वेगळं, असं तो त्यात समजावतो. मला वाटतं, जेवायला बोलावणाऱ्या मित्रांनीच त्याला अशा प्रश्नांची उत्तरं शोधायला लावली.

१६०१ च्या जानेवारीत तो पेकिंगला पोचला. वानली सम्राटाला घड्याळं आवडली, ती चालू ठेवायला या परदेशी लोकांना राजवाड्यात ये-जा करू दिली, पण तो स्वतः रिचीला कधीच भेटला नाही. घरून पत्राचं उत्तर यायला सहा-सात वर्षं लागत. पाहुण्यांची मात्र रीघ. १६१० च्या वसंतात मोठ्या परीक्षेसाठी हजारो विद्वान राजधानीत आले आणि त्यातले कितीतरी रिचीच्या दारी. लेंटचे उपास चालू, त्यात परतभेटी द्यायच्या. मे महिन्याच्या सुरुवातीला तो आजारी पडला आणि ११ मे रोजी गेला. वय सत्तावन्न.

त्याआधी चीनमध्ये वारलेल्या जेझुइटांना मकावला नेऊन पुरत. रिचीसाठी त्याच्या सोबत्यांनी आणि मित्रांनी सम्राटाकडे अर्ज केला, आणि पेकिंगच्या पश्चिम वेशीबाहेर जागा मिळाली. १९०० च्या बॉक्सर उठावात त्या दफनभूमीची मोडतोड झाली, पुढे ती पुन्हा उभारली गेली. त्याची कबर आजही तिथेच आहे. ज्या सम्राटाने आयुष्यभर त्याला समोर बोलावलं नाही, त्यानेच त्याला कायमची जागा दिली.