लेफ्टनंट जनरल थोरात : एक द्रष्टा सेनानी

राजमाता जिजाऊंच्या जन्माने पावन झालेल्या सिंदखेड राजामुळे बुलढाणा जिल्ह्याचे नाव महाराष्ट्राच्या शौर्यपरंपरेशी कायमचे जोडले गेले आहे. त्याच परंपरेतील विसाव्या शतकातील एक तेजस्वी नाव म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

दि. १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर परिसरातील वडगाव येथे त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे सैनिकी शिक्षण घेऊन १९२६ साली ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशातील कांगाव येथे त्यांच्या पंजाब पलटणीने जपानी सैन्याशी निकराची झुंज दिली. या पराक्रमाबद्दल त्यांना ‘डी. एस. ओ.’ हा सन्मान लाभला.

१९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः निःशस्त्र अवस्थेत त्या छावणीत शिरले आणि शांतपणे बोलणी करून त्यांनी त्याची सुटका केली. गोळी न झाडता संकट टळले. पुढे अशोक चक्र (द्वितीय श्रेणी) देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

१९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. नेफाच्या सीमेवरील सैन्यबळ अपुरे आहे, हे त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये सविस्तर टिपणाद्वारे कळविले. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या युद्धसरावातून चिनी आक्रमण कसे येईल, हेही दाखवून दिले. सरसेनापती थिमय्यांना ते पटले; संरक्षणमंत्र्यांनी मात्र तो इशारा मनावर घेतला नाही. थिमय्यांनी आपल्यानंतर सरसेनापतिपदासाठी थोरातांची शिफारस केली होती. पण ते पद दुसऱ्याकडे गेले आणि १९६१ साली थोरात निवृत्त झाले.

दि. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. नोव्हेंबरात सेला व बोमडिला पडले. थोरातांचा अंदाज दुर्दैवाने खरा ठरला. पंतप्रधान नेहरूंनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले, तेव्हा मनात कटुता न ठेवता ते राष्ट्राच्या सल्ल्यासाठी उभे राहिले.

ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. ऐकणारा असो वा नसो, सत्य वेळेवर सांगणे हेही सेनानीचे कर्तव्य असते, हा आदर्श त्यांनी घालून दिला. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!