पराभवानंतरचे बाबासाहेब

जानेवारी १९५२. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १ लाख ३८ हजार १३७ मते मिळाली, तर बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६. साडेचौदा हजार मतांचा फरक. प्रौढ मताधिकाराची तरतूद ज्या घटनेत आहे, तिच्या शिल्पकारालाच त्या मताधिकाराच्या पहिल्या परीक्षेत मतदारांनी नाकारले, असे चित्र त्या दिवशी देशापुढे गेले.

चित्र इतके सरळ नव्हते. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत. मुंबई शहर उत्तर त्यांपैकीच एक. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास मनाई. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती. सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब अशी ही जोडी होती. मेहतांना १ लाख ३९ हजार ७४१ मते पडली, म्हणजे विजयी झालेल्या काजरोळकरांपेक्षाही अधिक. पण सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी त्यांच्या पुढे राहिले आणि मेहताही पडले. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे याच मतदारसंघातून उभे होते. त्यांना ९६ हजारांवर मते मिळाली. विरोधी मतांची ही विभागणी काँग्रेसच्या पथ्यावर पडली, हे सांगायला राजकीय पंडिताची गरज नव्हती.

त्यातच सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. मतदारांनी मते वाया घालवावीत असा प्रचार विरोधकांनी केल्याचा आरोप करीत बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली.

पराभवाची कारणे शोधताना थोडे मागे जावे लागते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. स्त्रियांना वारसाहक्क आणि घटस्फोटाचा अधिकार देऊ पाहणारे हिंदू कोड बिल संसदेत काही कलमांपलीकडे सरकले नाही. ते गुंडाळून ठेवले गेले, हे राजीनाम्याचे मोठे कारण होते. मंत्रिपद गेले, सरकारी निवासस्थान गेले आणि दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथे त्यांनी बिऱ्हाड हलवले. निवडणूक अवघ्या काही आठवड्यांवर येऊन ठेपली होती. ऑक्टोबरअखेरीस पंजाबचा दौरा करून ते मुंबईत आले आणि शिवाजी पार्कवर समाजवाद्यांबरोबर सभा झाली. गर्दी मोठी होती, पण गर्दी आणि मतपेटी यांचे गणित नेहमी जुळतेच असे नाही. समोर नेहरूंची लोकप्रियता आणि गावोगाव पसरलेली काँग्रेसची यंत्रणा होती. फेडरेशनकडे पैसा नव्हता, वृत्तपत्रे नव्हती आणि तिचा पाया प्रामुख्याने एका समाजापुरता मर्यादित होता. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार झालेले. देशभरात फेडरेशनचे दोनच खासदार निवडून आले : सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. मुंबई विधानसभेत बी. सी. कांबळे हे एकटेच पोहोचले.

बाबासाहेबांसाठी हा अनुभव नवा नव्हता, हे मात्र विसरले जाते. १९३७च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आणले. पुढे १९४६च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनची वाताहत झाली. देशभरातील १५१ राखीव जागांपैकी दोन पदरी पडल्या, एक बंगालमध्ये आणि एक मध्य प्रांतात. मुंबई प्रांतात भोपळाही फुटला नाही. सत्तांतराच्या वाटाघाटी सुरू असताना अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिशांनी या आकड्यांतच शोधले आणि फेडरेशनला बाजूला सारले.

त्या वर्षी त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. जून महिन्यात पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. जुलैमध्ये पुण्यात विधिमंडळासमोर फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला आणि शेकडोंनी तुरुंगवास पत्करला. मुंबईतून घटना समितीत जाण्याइतके बळ उरले नव्हते, तेव्हा बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना निवडून पाठवले. फाळणीमुळे ते सदस्यत्व संपुष्टात आले. तोवर घटना समितीतील त्यांच्या कामाची छाप काँग्रेसवरही पडली होती आणि बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईतून त्यांची निवड झाली. दारे बंद झाली की खिडकी शोधायची, ही त्यांची जुनी खोड म्हणावी लागेल.

१९५२ साली खिडकी राज्यसभेची होती. मुंबई राज्यातून राज्यसभेवर जे सदस्य निवडायचे होते, त्यांत बाबासाहेब निवडून आले. विधानसभेत फेडरेशनचा एकच आमदार असताना इतर पक्षांच्या मतांवाचून हे शक्य नव्हते. संसदेच्या ज्या वास्तूत त्यांनी कायदामंत्री म्हणून विधेयके मांडली, तिथे आता ते विरोधी बाकावर बसू लागले. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. मुंबईच्या मतदारांनी नाकारल्यानंतर पाच महिन्यांनी, ज्या विद्यापीठात ते तरुणपणी शिकले तिथे झालेला हा गौरव त्यांना सुखावून गेला असेल. परंतु तो त्यांच्या राजकारणाच्या कामाचा नव्हता.

कामाची गोष्ट घडली ती पुण्यात. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यातील वकिलांपुढे त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या अटी आवश्यक असतात, या विषयावर भाषण केले. निवडणूक हरलेला नेता अशा वेळी मतदारांना दोष देतो किंवा नशिबाला. बाबासाहेबांनी त्यांपैकी काही केले नाही. समाजात टोकाची विषमता नको, ही पहिली अट. दुसरी विरोधी पक्षाची. सत्तेवर असलेल्यांना दर पाच वर्षांनी लोकांपुढे जावे लागते एवढे पुरेसे नाही, सभागृहात त्यांना तिथल्या तिथे जाब विचारणारा कोणी तरी हवा, असे त्यांनी समजावून सांगितले. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते याकडे त्यांनी लक्ष वेधले. सरकारी जाहिरातींच्या उत्पन्नापायी वृत्तपत्रे विरोधी पक्षाला पुरेशी जागा देत नाहीत, असा चिमटाही काढला. हा चिमटा वृत्तपत्रांना अजूनही बोचावा असा आहे. कायद्यापुढे आणि प्रशासनात समानता, घटनात्मक नीतिमत्ता, बहुसंख्याकांकडून अल्पसंख्याकांची गळचेपी न होणे, समाजातील नैतिक व्यवस्था अशा इतर अटी सांगत ते शेवटी लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीकडे वळले. अन्याय आपल्यावर होत नसला तरी तो दूर करण्यासाठी जो उठतो, त्याच्या मनोवृत्तीला त्यांनी हे नाव दिले आणि दाखला दिला तो दक्षिण आफ्रिकेत भारतीयांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोऱ्या माणसांचा.

अर्थात, या काळात ते सदैव शांत आणि प्रसन्न होते असे चित्र रंगवणे खोटेपणाचे ठरेल. सप्टेंबर १९५३मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर राज्यसभेत बोलताना त्यांचा तोल सुटला. ही घटना जाळायची झाल्यास पहिला हात आपला असेल, अशा आशयाचे ते बोलून गेले. पुढे १९५५ साली त्याविषयी विचारणा झाली तेव्हा देवासाठी बांधलेल्या मंदिराचा ताबा असुरांनी घेतला तर काय करायचे, असा त्यांचा खुलासा होता. मार्च १९५६मध्ये आग्र्याच्या सभेत, समाजातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी आपली निराशा केली, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. त्यांच्या आशेला अशी कडवट किनार होती.

मे १९५४मध्ये विदर्भातील भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक आली आणि प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब पुन्हा उभे राहिले. हाही द्विसदस्यीय मतदारसंघ. राखीव जागेवर बाबासाहेब, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. प्रचारात बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाही न देता वाया घालवावे, म्हणजे राखीव जागेवरची स्पर्धा सोपी होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला होता. बाबासाहेबांनी त्याला ठाम नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्यानेच मत वाया घालवायला शिकवावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. निकाल लागला तो मोठा विचित्र. मेहता निवडून आले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी बाबासाहेबांना आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरवले. फेडरेशनच्या मतदारांची दुसरी मते मेहतांच्या कामी आली. उलट दिशेने मात्र तेवढी मते आली नाहीत, असा अर्थ अनेकांनी काढला.

दोन वर्षांत दोन पराभव. वय त्रेसष्ट. आधाराशिवाय चालणे कठीण होत चाललेले. एखाद्याने ग्रंथालयाचे दार आतून लावून घेतले असते. पण राज्यसभेत त्यांची भाषणे सुरूच होती. ऑगस्ट १९५४मध्ये परराष्ट्र धोरणावर, सप्टेंबरमध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीच्या विधेयकावर ते बोलले. ज्या हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडले, ते तुकड्यातुकड्यांनी कायद्याच्या रूपात आले. १९५५ साली विवाहाचा, १९५६ साली वारसा, पालकत्व आणि दत्तक व पोटगीचा असे चार कायदे संमत झाले. ते आणल्याचे श्रेय सरकारने घेतले. संसदेबाहेर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा कारभार, डिसेंबर १९५४मध्ये रंगूनची बौद्ध परिषद, त्याच महिन्यात देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभेची स्थापना असा व्याप चालू होता. भाषावार प्रांतांवरील त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले.

त्यांच्या राजकारणातील खरा बदल या काळातला आहे. ऑगस्ट १९५५मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. राखीव जागेवर निवडून येणारा उमेदवार सवर्णांच्या मतांवर आणि म्हणून मोठ्या पक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहतो, हे मुंबई आणि भंडारा या दोन्ही ठिकाणी दिसले होते. एका समाजाचा पक्ष कितीही निष्ठावान असला तरी एकट्याने जिंकू शकत नाही, हा दुसरा धडा. फेडरेशन विसर्जित करून सर्व वंचितांना सामावणारा रिपब्लिकन पक्ष काढण्याचा विचार त्यातून आकाराला आला. स्वतः उभारलेली संघटना मोडायला निघणारे नेते आपल्याकडे फार नाहीत. डॉ. राममनोहर लोहिया यांच्याशी पत्रव्यवहार झाला. सप्टेंबर १९५६मध्ये बाबासाहेबांनी भेटीची तयारी दाखवली, पण ती भेट घडली नाही.

त्याआधी जुलै १९५६मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. पहिल्या तुकडीत अवघे पंधरा विद्यार्थी. सभागृहात उभे राहून कसे बोलावे, कायदा कसा वाचावा, हे उमेदवाराला निवडून येण्याआधी शिकवले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज राजकीय पक्ष जे शिबिरांत दोन दिवसांत उरकतात, त्यासाठी त्यांनी चक्क शाळा काढली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्याचा वृत्तान्त सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन ते दिल्लीला परतले. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या घरात त्यांच्यासमोर ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद होते आणि त्यांच्यासोबत दोन टंकलिखित पत्रे. एक आचार्य अत्रे यांना, दुसरे एस. एम. जोशी यांना. नव्या पक्षात येण्याचे आवाहन त्यांत होते. ६ डिसेंबरच्या सकाळी बाबासाहेब उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

पुढच्या तीन महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. महाराष्ट्रात फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होऊन लढले. बाबासाहेबांनी ज्यांना पत्रे लिहिली होती ते अत्रे आणि जोशी त्याच समितीचे बिनीचे शिलेदार होते. देशभरात फेडरेशनचे सहा खासदार निवडून आले. १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहापासून बाबासाहेबांचे सहकारी असलेले दादासाहेब गायकवाड त्यांत होते आणि ते निवडून आले तेही नाशिकमधूनच. मुंबईतले प्रशिक्षण विद्यालय मात्र मार्च १९५७मध्ये बंद पडले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.