हेन्री सिजविक : नीतिशास्त्र शिकविणाऱ्याची नीती

हेन्री सिजविक यांचे नाव आपल्याकडील नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या परिच्छेदापुरते येते. बेंथम आणि मिल यांच्यानंतरचा तिसरा उपयुक्ततावादी, एवढाच त्यांचा परिचय करून दिला जातो आणि परीक्षा आटोपली की विद्यार्थी तो विसरतो. वास्तविक या केंब्रिजच्या प्राध्यापकाचे चरित्र त्याच्या सिद्धांतांइतकेच अभ्यासण्यासारखे आहे. आपण वर्गात जे शिकवितो ते आपल्या नोकरीला लागू करावयाचे की नाही, हा प्रश्न त्यांना वयाच्या एकतिसाव्या वर्षी पडला आणि त्यांनी तो टाळला नाही.

सिजविक यांचा जन्म ३१ मे १८३८ रोजी यॉर्कशायरमधील स्किप्टन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते; हेन्री तीन वर्षांचे होण्याच्या सुमारासच ते वारले. रग्बीच्या शाळेतून १८५५ साली हेन्री केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात आले आणि १८५९ साली ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत पहिले आले. गणितातही ते रँग्लर झाले, पण तेहतिसावे. आपल्या मराठी मनाला रँग्लर या शब्दाचे अप्रूप असल्याने एवढा तपशील द्यावासा वाटतो. त्याच वर्षी ट्रिनिटीने त्यांना फेलो केले आणि अध्यापनाचे काम दिले. मार्ग आखलेला होता. याच वर्षी त्यांच्या बहिणीशी विवाह केलेले एडवर्ड बेन्सन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, यावरून या घराचे वळण कोणते होते ते ध्यानात येईल.

त्या काळी ट्रिनिटीचा फेलो होताना आपण चर्च ऑफ इंग्लंडचे प्रामाणिक अनुयायी आहोत, असे प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागे. सिजविक यांनीही ते सांगितले होते. पण पुढील दहा वर्षांत त्यांची श्रद्धा हळूहळू ढळत गेली. ती ढळू नये यासाठी त्यांनी केलेले प्रयत्न मात्र विलक्षण होते. ख्रिस्ती धर्माचा उगम मुळातून तपासावा म्हणून त्यांनी हिब्रू आणि अरबी या भाषांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्यासाठी जर्मनीत जाऊन राहिले. अखेरीस भाषाशास्त्राने हा प्रश्न सुटणार नाही, तो तत्त्वज्ञानाचा आहे, या निष्कर्षाला ते आले.

मधल्या काळात व्यवहाराचा प्रश्न उभाच होता. विश्वास उरला नाही, पण सही कायम आहे. अशा माणसाने काय करावे? त्या वेळच्या केंब्रिजमध्ये असे अनेक जण होते. बहुतेकांनी ती प्रतिज्ञा हा एक उपचार आहे, तिचा अर्थ कोणी गंभीरपणे घेत नाही, असे म्हणून मनाचे समाधान करून घेतले होते. ज्यांनी कधी सरकारी छापील अर्जाच्या तळाशी न वाचता सही केली आहे, त्यांना हे समाधान परके वाटणार नाही. सिजविक यांनी जॉन स्टुअर्ट मिल यांना पत्र लिहून सल्ला विचारला. पण निर्णय शेवटी स्वतःलाच घ्यावा लागला. १८६९ साली त्यांनी फेलोशिपचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी याच विषयावर त्यांनी एक पुस्तिका काढली. तीत सहकाऱ्यांची निंदा नव्हती. संस्थेत राहून तिच्यात सुधारणा करू पाहणाऱ्याने किती मौन पाळावे आणि कोणत्या बिंदूपलीकडे ते मौन असत्य ठरते, याची ती शांत चिकित्सा होती.

महाविद्यालयाने त्यांना घालविले नाही. प्रतिज्ञेची अट नसलेल्या व्याख्यात्याच्या जागेवर ठेवून घेतले आणि ग्रीक-लॅटिनऐवजी नीतिशास्त्र शिकविण्यास दिले. दोनच वर्षांनी, १८७१ साली, पार्लमेंटने कायदा करून विद्यापीठांतील या धार्मिक अटी काढून टाकल्या. या बदलाला सिजविक यांच्या राजीनाम्याने बळ दिले, असे मानले जाते. तरीही १८७२ साली नीतिशास्त्राची नाइटब्रिज प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांना मिळाली नाही; बर्क्स नावाच्या एका कडव्या धर्मोपदेशकाला मिळाली. ती सिजविक यांच्याकडे आली १८८३ साली, बर्क्स यांच्या निधनानंतर.

त्यांचा मुख्य ग्रंथ, 'द मेथड्स ऑफ एथिक्स', १८७४ साली प्रसिद्ध झाला. सामान्य माणूस योग्य-अयोग्य कसे ठरवितो, त्याचे तीन मार्ग त्यांनी त्यात तपासले : स्वतःचे हित, समाजाने मान्य केलेले नीतिनियम आणि सर्वांचे अधिकाधिक सुख. यांतील दुसऱ्या मार्गाची चिकित्सा वाचनीय आहे. दिलेले वचन पाळावे, हे सर्वांना मान्य. पण वचन घेणारा मरण पावला आणि त्यातून मोकळे करणारा कोणी उरला नाही तर? परिस्थिती पार पालटली तर? खरे बोलावे हेही मान्य, पण आजाऱ्याशी? लहान मुलाशी? अशिलाची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे काय? आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा'पासून चालत आलेलीच ही चर्चा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात, सत्यानृताचा विचार करताना सिजविक यांच्या याच ग्रंथाचा दाखला दिला आहे, तो उगाच नव्हे.

ग्रंथाचा शेवट मात्र निराशाजनक होता. स्वहित आणि सर्वहित यांत विरोध आला तर निव्वळ बुद्धीच्या आधारे तो मिटविता येत नाही, अशी कबुली पहिल्या आवृत्तीत त्यांनी दिली. पुढील आवृत्त्यांत शब्द सौम्य झाले, अडचण तशीच राहिली. मृत्यूनंतर जीवात्म्याचे काही उरते काय, याचा पुरावा शोधण्यासाठी १८८२ साली स्थापन झालेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले, ते बव्हंशी याच अडचणीपोटी. उत्तर त्यांना तेथेही मिळाले नाही.

वर्गातील सिजविक यांच्याविषयी भाबडी कल्पना करून घेऊ नये. त्यांची व्याख्याने रूक्ष असत आणि श्रोते थोडे. बोलताना ते किंचित अडखळत. पण श्रोत्यांत पुढे पंतप्रधान झालेले आर्थर बाल्फोर होते आणि कायद्याचे थोर इतिहासकार मेटलंड होते. या मेटलंड यांना १८८४ साली केंब्रिजमध्ये अध्यापकाची जागा मिळाली, तिच्यासाठी वर्षाला ३०० पौंड सिजविक यांनी स्वतःच्या उत्पन्नातून दिले. स्त्रियांसाठी केंब्रिजमध्ये व्याख्याने सुरू करण्यात त्यांनीच पुढाकार घेतला आणि १८७१ साली पाच विद्यार्थिनींसाठी एक घर भाड्याने घेतले. त्याच घराचे पुढे न्यूनम महाविद्यालय झाले. १८९२ पासून त्याच्या प्राचार्य असलेल्या एलिनॉर या सिजविक यांच्या पत्नी आणि बाल्फोर यांच्या भगिनी. १८८१ साली विद्यार्थिनींना परीक्षेस बसण्याचा अधिकार मिळाला. पदवीचा प्रस्ताव मात्र १८९७ साली प्रचंड बहुमताने फेटाळण्यात आला आणि ती पदवी केंब्रिजने दिली थेट १९४८ साली.

१८८८ साली केंब्रिजमध्ये एक नीतिविचार मंडळ स्थापन झाले. सिजविक त्याचे अध्यक्ष झाले आणि तेथे व लंडनच्या तशाच मंडळात त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढे व्याख्याने दिली. त्यांची भूमिका साधी होती. सद्वर्तनाच्या अंतिम पायाविषयी तत्त्वज्ञांचे एकमत कधी होणार नाही, निदान लवकर नाही. पण एखाद्या प्रसंगी काय करणे बरे, याविषयी भिन्न श्रद्धांची माणसे पुष्कळदा एकत्र येऊ शकतात. तेव्हा विचार तेथून सुरू करावा. शिवाय प्रत्येक व्यवसायातील पेच त्या व्यवसायातील माणसांनाच नीट माहीत असतात, म्हणून तत्त्वज्ञाने प्रथम त्यांच्याकडून शिकावे. मात्र व्यवसायातील रूढी स्वतःला सवलत देण्याकडे झुकते, हेही ध्यानात ठेवावे. या व्याख्यानांचे व लेखांचे पुस्तक १८९८ साली निघाले. त्यात नऊ प्रकरणे आहेत. चैन कोठपर्यंत क्षम्य? राष्ट्राला व्यक्तीहून वेगळी नीती असते काय? भांडणात न्यायाने कसे वागावे? ज्यावर विश्वास नाही ते वचन धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून उच्चारावे काय? या शेवटच्या प्रश्नावर ते कठोर होते. तीस वर्षांपूर्वीचा राजीनामा त्यांच्या पाठीशी होता. मला स्वतःला मोलाचे वाटते ते शेवटचे प्रकरण. माणूस जाणूनबुजून चुकीचे वागतो हे क्वचित, असे त्यांचे निरीक्षण आहे. बहुधा तो वेळेवर एखादे सोयीचे कारण शोधून काढतो, किंवा नेमके त्या क्षणी नियमाकडे लक्षच देत नाही. कचेरीत दहा वर्षे काढलेल्या कोणालाही याचे पुरावे मागावे लागणार नाहीत.

या स्वच्छ चित्रावर एक सावली आहे. एखादे कृत्य गुप्तपणे करणे योग्य, पण त्याचा उघड पुरस्कार करणे अयोग्य, असे असू शकते, हेही सिजविक यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकात बर्नार्ड विल्यम्स यांनी यावर कडक टीका केली आणि या विचाराला गव्हर्नराच्या बंगल्यातील नीतीची उपमा दिली. हुशार अधिकारी सत्य जाणणार आणि प्रजेने नियम पाळावयाचे! ती उपमा आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. सिजविक यांच्या आयुष्यातही याचा पडसाद आहे. त्यांचे जिवलग मित्र, साहित्यिक जॉन अॅडिंग्टन सायमंड्स, समलिंगी होते आणि त्या भावनांच्या कविता लिहीत. राजीनाम्याच्याच सुमारास सिजविक यांनी त्या कविता पेटीत बंद करावयास लावल्या आणि पेटीची किल्ली एव्हन नदीत फेकून दिली. आपल्या सहीविषयी इतका काटेकोर असलेला हा माणूस मित्राच्या सत्याविषयी असा सावध झाला. त्या काळच्या समाजात मित्राचा सर्वनाश टळावा हाच हेतू असणार, यात शंका नाही. पण हा हिशेब त्यांना स्वतःच्या बाबतीत मान्य झाला नसता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

१९०० सालच्या मे महिन्यात आपल्याला कर्करोग झाल्याचे त्यांना कळले. ते कळल्यानंतरही ते ठरल्याप्रमाणे ऑक्सफर्डला गेले आणि ग्रीन यांच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी निबंध वाचला. मग प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. २८ ऑगस्ट १९०० रोजी एसेक्समधील टर्लिंग येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधी चर्चच्या पद्धतीने झाला नाही तर आपल्यासाठी कोणते शब्द म्हणावेत, ते त्यांनी पूर्वीच लिहून ठेवले होते : अतिशय थोडे आणि कोणताही दावा न करणारे. पण खेड्यातील चर्चच्या आवारात दफन करावयाचे ठरले, तेथील रीत एकच होती, आणि चर्चचीच प्रार्थना म्हणण्यात आली.