बॉबिनमागचा माणूस: अ‍ॅलन विल्सन

बारा हेडच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर एका हेडखालची बॉबिन संपली की बाराच्या बारा सुया थांबतात. ऑपरेटर खाली हात घालून बॉबिन केस काढतो, भरलेली बॉबिन बसवतो, मशीन चार टाके मागे घेतो आणि पुन्हा चालू करतो. कोल्हापूरजवळ उचगावच्या शेजारीच गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे. या पट्ट्यात कुणी साडीच्या काठाचं, शाळेच्या बॅजचं किंवा टी-शर्टवरच्या लोगोचं काम सुरू करायचं म्हटलं, तर मशीनच्या किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. बॉबिन कोणती, एल की एम?

मुळात बॉबिन एवढी चिमुकली का असते? वरचा धागा पाच हजार मीटरच्या कोनवरून येतो, मग खालचा दोन बोटांत मावेल एवढ्या चकतीवरून का? याचं उत्तर अ‍ॅलन बेंजामिन विल्सन या अमेरिकन सुताराच्या आयुष्यात सापडतं. शिलाई मशीन म्हटलं की सिंगरचं नाव आठवतं, फार तर एलियास होवेचं. विल्सनचं नाव कारागिरांनाही सहसा माहीत नसतं. हात मात्र रोज त्याच्याच वस्तूवर फिरतो.

विल्सनचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या विलेट या गावचा, 1820 च्या दशकातला. वडील लहानपणीच गेले. पोरगा दुसऱ्याच्या घरी कामाला लागला आणि पुढे लाकडी सामान बनवण्याचं काम शिकला. कामासाठी तो गावोगाव फिरे. 1847 च्या सुमारास मिशिगनमधल्या एड्रियन या गावी असताना शिवणाऱ्या यंत्राची कल्पना त्याच्या डोक्यात आली. होवेला 1846 मध्येच पेटंट मिळालं होतं, पण विल्सनने तोवर तसलं यंत्र पाहिलेलं नव्हतं, असं त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. तब्येत तेव्हापासूनच नाजूक होती. दिवसा सुतारकाम आणि उरलेल्या वेळात स्वतःचं यंत्र, असं करत त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी 1849 मध्ये पहिलं यंत्र उभं केलं.

त्या यंत्रात धोटा होता. इचलकरंजीच्या मागावर धोटा कांडी पोटात घेऊन एका बाजूकडून दुसरीकडे जातो, तसाच इथेही छोटा धोटा खालचा धागा घेऊन सुईच्या फासातून जायचा. होवेच्या यंत्रात धोटा जाताना टाका पडे, येताना फुकट जाई. विल्सनने धोट्याला दोन्हीकडून टोक दिलं, त्यामुळे जाताना एक आणि येताना एक असे दोन टाके पडू लागले. 12 नोव्हेंबर 1850 रोजी त्याला याचं पेटंट मिळालं.

पण पेटंट मिळायच्या आधीच त्यातला अर्धा हिस्सा 200 डॉलरला विकून झाला होता, कारण पेटंट काढायलाही पैसे लागत. शिवाय आणखी एका जुन्या पेटंटचे मालक पुढे आले आणि दुहेरी टोकाचा धोटा आमचाच आहे म्हणू लागले. कोर्टात लढण्याएवढी ऐपत विल्सनकडे नव्हती. त्याने हक्काचा मोठा वाटा सोडून दिला. खटला लढला असता तर कदाचित जिंकलाही असता, पण घरभाडं थकलेल्या माणसाला तो जुगार परवडत नाही.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ नॅथॅनियल व्हीलर या कारखानदाराशी पडली. कनेटिकटमधल्या वॉटरटाउनला व्हीलरचा छोट्या धातूच्या वस्तूंचा कारखाना होता. व्हीलरने त्याला तिकडे नेलं आणि कामाला जागा दिली. धोट्यावरून भांडणं होणार हे दिसत होतंच. मग धोटाच नको, असं विल्सनने ठरवलं.

त्याने खालचा धागा एका चपट्या गोल बॉबिनवर गुंडाळला आणि ती जागच्या जागी ठेवली. तिच्याभोवती फिरणारी, टोकदार चोच असलेली एक चकती बसवली. सुई खाली जाऊन जराशी वर आली की धाग्याचा छोटा फास सुटतो. चकतीची चोच तो फास पकडते, मोठा करते आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून पलीकडे सोडते. वरचा धागा खालच्या धाग्याला वेढा घालतो, टाका पक्का होतो. काहीच पुढेमागे धावत नाही, सगळं एकाच दिशेने गोल फिरतं. म्हणून आवाज कमी आणि वेग जास्त. हाच आजचा रोटरी हूक. त्याचं पेटंट 12 ऑगस्ट 1851 चं आहे. गंमत म्हणजे आयझॅक सिंगरलाही त्याच्या यंत्राचं पहिलं पेटंट त्याच दिवशी मिळालं. स्थिर बॉबिनचं वेगळं पेटंट विल्सनला 1852 मध्ये मिळालं.

बॉबिन लहान का, याचं उत्तर या रचनेतच आहे. वरच्या धाग्याचा फास दर टाक्याला पूर्ण बॉबिन आणि तिच्या केसला प्रदक्षिणा घालतो. बॉबिन जितकी मोठी तितका फास मोठा. तेवढा धागा दर टाक्याला सुईच्या नाकातून खाली ओढायचा आणि परत वर खेचायचा. धागा घासतो, तुटतो, वेग कमी करावा लागतो. आजचं एम्ब्रॉयडरी मशीन मिनिटाला हजार टाक्यांपर्यंत जातं आणि हूक दर टाक्याला दोन फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला दोन हजार. तिथे कोनएवढी बॉबिन बसवणं शक्यच नाही.

एल आणि एम ही याच ओढाताणीतली दोन उत्तरं. एल बॉबिनचा व्यास साधारण 20 मिलिमीटर, एमचा 25 च्या आसपास. एममध्ये जवळपास दुप्पट धागा मावतो, मशीन कमी वेळा थांबतं. पण तिला हूकही मोठा लागतो. एलच्या हूकमध्ये एम बसत नाही, म्हणून ही निवड मशीन घेतानाच होऊन जाते. बहुतेक मल्टिहेड मशीन एलवर चालतात आणि सुटे भागही तिचेच सहज मिळतात. मोठ्या जॅकेटच्या पाठीवरची भरगच्च डिझाइनं रोजची असतील तरच एमचा विचार करावा.

रोज हातात उरते ती दुसरी निवड: घरी भरलेली धातूची बॉबिन की तयार भरलेली. धातूची स्वस्त पडते, पण भरताना धागा कुठे सैल कुठे घट्ट गुंडाळला की ताण बदलतो. तयार बॉबिन सारखी भरलेली असते आणि तिच्यात धागाही जास्त बसतो. काहींच्या मधोमध चुंबक असतो. संपत आल्यावरही बॉबिन केसमध्ये वेडीवाकडी फिरत नाही. बारा हेड असतील तर ताण सारखा असणं पैशांपेक्षा महत्त्वाचं, कारण एका हेडचा माल खराब निघाला तरी ऑर्डर अडते. भरलेल्या सॅटिन पट्टीची मागची बाजू पाहावी: मधला एक तृतीयांश भाग खालच्या पांढऱ्या धाग्याचा दिसला तर ताण बरोबर. आणि एक बॉबिन संपली की बाराही बदलून टाकाव्यात, नाहीतर दर दहा मिनिटांनी कोणती ना कोणती संपत राहते.

विल्सनचा आणखी एक शोध मोठा होता. सुईखालचे दाते वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली जातात आणि मागे परततात. या चार हालचालींचं पेटंट 1854 चं. जवळजवळ प्रत्येक शिलाई मशीनमध्ये हे दाते आहेत. एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये मात्र नाहीत, कारण तिथे कापड फ्रेममध्ये ताणलेलं असतं आणि फ्रेमच चारही दिशांना हलते. म्हणजे शिंप्याच्या मशीनला विल्सनचे दाते लागले, भरतकामाच्या मशीनला त्याचा हूक.

1853 मध्ये व्हीलर अँड विल्सन कंपनी रीतसर उभी राहिली आणि त्याच वर्षी विल्सन तब्येतीमुळे रोजच्या कामातून बाजूला झाला. कंपनी पुढे ब्रिजपोर्टला गेली आणि काही वर्षं तिने सिंगरपेक्षाही जास्त मशीन विकली. 1856 मध्ये होवे, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी पेटंट एकत्र केली. बाकीच्या कारखानदारांना दर मशीनमागे त्यांना पैसे मोजावे लागत. कंपन्या गब्बर झाल्या. 1874 मध्ये विल्सनने पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून अमेरिकन काँग्रेसकडे अर्ज केला. तारुण्यात गरिबी आणि आजारपणामुळे हक्क कवडीमोलाने गेले, असं त्याचं म्हणणं होतं. पण लोक एव्हाना शिलाई मशीनच्या मक्तेदारीला वैतागले होते. मुदत वाढली असती तर फायदा कंपन्यांनाच होणार, अशी शंका होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. अर्ज फेटाळला गेला.

29 एप्रिल 1888 रोजी कनेटिकटमधल्या वुडमाँटला विल्सन वारला. 1905 मध्ये सिंगरने व्हीलर अँड विल्सन कंपनी ताब्यात घेतली. नंतर हळूहळू मशीनवरून ते नाव गेलं. हूक राहिला.