डॉ. भाभा आणि वीस वर्षांचे भाकीत

दर्यापूरसारख्या गावात ऐन उन्हाळ्याच्या रात्री फ्यूज उडतो, क्षणभर निळसर ठिणगी चमकते आणि अंधार होतो. बारीक तार प्रमाणाबाहेरचा विद्युत्प्रवाह सोसू न शकल्याने वितळते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु केसाहून बारीक तारेतून सेकंदाच्या कोट्यंशात लक्षावधी अँपियरचा प्रवाह सोडला, तर तार नुसती वितळत नाही. तिचा स्फोट होतो. धातूची वाफ होते, अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होऊन प्लाझ्मा बनतो, प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र त्याला चोहोबाजूंनी आवळते आणि त्या दाट, लाखो अंश तापलेल्या प्लाझ्मातून क्ष-किरणांचा लोट उसळतो. या खटाटोपामागे सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणण्याची आकांक्षा आहे. ती जागतिक व्यासपीठावरून निःशंकपणे बोलून दाखविणारे शास्त्रज्ञ मुंबईचे होते : डॉ. होमी जहांगीर भाभा.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने केंब्रिजहून यंत्र अभियंता होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळविले. आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, अशी अट वडिलांनी घातली आणि १९३० मध्ये होमींनी ती पूर्ण केली.

१९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरताना मंदावतो आणि त्यातून प्रारण बाहेर पडते, ही त्यातील एक मूलभूत प्रक्रिया. क्ष-किरण नलिकेचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

१९३९ मध्ये ते सुटीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली.

त्याआधी एक वर्ष, ऑगस्ट १९५५ मध्ये, जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. बड्या राष्ट्रांचे या विषयावरील संशोधन तेव्हा गुप्ततेच्या पडद्याआड चालले होते. त्या वेळी दर्यापूर मध्य प्रदेश राज्यात होते आणि वऱ्हाडातील चुली पऱ्हाट्यांवर व गोवऱ्यांवर पेटत होत्या. अशा देशाच्या प्रतिनिधीने समुद्राच्या पाण्यातील हायड्रोजनमध्ये मानवजातीचे इंधन पाहावे, हे धाडसच होते.

ते भाकीत वेळेत खरे ठरले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाकडे निघालेल्या डॉ. भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. तेव्हा त्यांचे वय अवघे छप्पन्न होते. त्यांनी आखलेल्या तारापूर केंद्राची वीज १९६९ मध्ये मिळू लागली, पण ती अणुविखंडनाची होती. १९७५ उजाडले, सरले; संमीलन हाती आले नाही. अतितप्त प्लाझ्मा क्षणभरही एका जागी ठरत नाही, ही अडचण अपेक्षेहून फार मोठी निघाली.

तरीही वाट बंद झाली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत टंगस्टनच्या शेकडो सूक्ष्म तारांमधून सुमारे दोन कोटी अँपियरचा प्रवाह सोडून प्रचंड क्ष-किरणशक्ती मिळविण्यात आली. पुढे ५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमूर येथे लेझर किरणांपासून निर्माण केलेल्या क्ष-किरणांनी इंधनाची गोळी दाबण्यात आली. तिच्यावर रोखलेल्या २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली. लेझर चालविण्यास लागलेली वीज मात्र याच्या कित्येक पट होती. त्यामुळे घरातील दिवा या ऊर्जेवर लागण्यास अद्याप अवकाश आहे.

डॉ. भाभांचा काळाचा हिशेब चुकला. पण ते केवळ भाकीत करून थांबले नाहीत. पुढच्या पिढ्यांना शोध घेता यावा, म्हणून त्यांनी संस्था उभारल्या आणि माणसे घडविली. त्यांचे नाव १९६७ पासून धारण करणाऱ्या तुर्भे येथील केंद्रात पुढे तारस्फोटाचे प्रयोगही झाले. द्रष्ट्याचे मोल त्याने सांगितलेल्या तारखेपेक्षा त्याने मागे ठेवलेल्या कामावर ठरवावे, हेच न्यायाचे होय.